बाल्डविनचा २ ऑगस्ट

न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत २ ऑगस्ट १९४३ रोजी डेव्हिड बाल्डविन नावाच्या एका धर्मोपदेशकाच्या अंत्यविधीची प्रार्थना झाली. त्याच दोन-तीन दिवसांत हार्लेम पेटले. ब्रॅडॉक हॉटेलात एका गोऱ्या पोलिसाने एका काळ्या सैनिकावर गोळी झाडली होती. सैनिक जखमी होता, पण तो मेला अशी आवई उठली आणि रात्रभर दुकाने फुटत राहिली. दंगलीत सहा माणसे गेली. डेव्हिड बाल्डविनची शवपेटी दफनभूमीकडे निघाली तेव्हा रस्त्यावर काचांचा खच पडला होता. मागे नऊ मुले होती. त्यांतले शेंडेफळ बाप गेला त्याच दिवशी, म्हणजे २९ जुलैला, काही तासांनी जन्मले होते. आणि थोरला जेम्स प्रार्थनेच्या दिवशी एकोणीस वर्षांचा झाला होता.

२ ऑगस्ट ही त्या जेम्स बाल्डविनची जयंती. १९२४ साली याच तारखेला हार्लेममध्ये तो जन्मला, आणि १ डिसेंबर १९८७ रोजी फ्रान्सच्या दक्षिणेतील सेंट पॉल द व्हाँस या गावात गेला. त्याची जन्मशताब्दी २०२४ साली जगभर साजरी झाली. नव्या आवृत्त्या निघाल्या, परिसंवाद झाले, समाजमाध्यमांवर त्याची वाक्ये चौकटींत बसून फिरली. काळ्यांच्या हक्कांचा प्रवक्ता आणि समलैंगिकतेवर लपवाछपवी न करता लिहिणारा लेखक ही त्याची दोन रूपे त्या निमित्ताने पुरेशी उजेडात आली. तिसरे रूप मात्र बहुतेक ठिकाणी एका वाक्यात आटोपले गेले: लहानपणी तो चर्चमध्ये उपदेश करीत असे, पुढे त्याने धर्म सोडला. आमच्या मते बाल्डविन समजून घ्यायचा तर सुरुवात याच वाक्यापासून करावी लागते, आणि त्यातल्या ‘सोडला’ या क्रियापदावर फार विसंबून चालत नाही.

कडक धर्माच्या घरात वाढलेल्या लेखकाची गोष्ट आपण एका ठरलेल्या चालीवर ऐकतो. घरात सोवळे, बंदी, मार, नरकाची भीती. मग शाळा, पुस्तके, मित्र. एके दिवशी दार उघडते, लेखक बाहेर पडतो आणि मोकळा होतो. दार उघडण्याचा प्रसंग रंगवून सांगितला की गोष्ट संपली. बाल्डविनच्या आयुष्यात दार उघडले ते सतराव्या वर्षी, आणि खरी गोष्ट तिथून पुढे छेचाळीस वर्षे चालली.

डेव्हिड बाल्डविन हा जेम्सचा सावत्र बाप. जन्मदाता कोण हे जेम्सला कधी कळले नाही. आई एमा बर्डिस जोन्स हिने १९२७ मध्ये डेव्हिडशी लग्न केले. तो न्यू ऑर्लिन्सहून उत्तरेला आलेला. त्याची म्हातारी आई गुलामीत जन्मलेली, आणि ती याच घरात राहत असे. म्हणजे जेम्स ज्या घरात वाढला तिथे गुलामगिरी हा इतिहासाच्या पुस्तकातला धडा नव्हता, ती आजीच्या रूपाने खाटेवर पडून होती. डेव्हिड आठवडाभर कारखान्यात राबे आणि रविवारी प्रवचन करी. हार्लेममध्ये तेव्हा दुकानाच्या गाळ्यांत भरणारी छोटी छोटी चर्च जागोजाग होती; डेव्हिड अशाच एका चर्चमधून दुसऱ्यात, आणि दर वेळी आधीपेक्षा लहान चर्चमध्ये, जात राहिला. त्याच्या घरात सिनेमा वर्ज्य, नाटक वर्ज्य, जाझ वर्ज्य. मुलांचे मित्र वर्ज्य, कारण मित्र म्हणजे पापाचे दूत. गोरे लोक तर सैतानाचेच. ऑरिला मिलर नावाच्या एका गोऱ्या शिक्षिकेने जेम्सची हुशारी हेरली आणि त्याला नाटकाला नेण्याची परवानगी मागितली, तेव्हा बापाला ती नाकारता आली नाही. पण घरात आलेल्या त्या बाईकडे तो ज्या संशयाने पाहत होता ते मुलाच्या लक्षात राहिले. जेम्सचे डोळे मोठे होते. बाप त्याला कुरूप म्हणे.

हा बाप क्रूर होता, आणि बाल्डविनने ते कुठेही झाकले नाही. पण त्या क्रौर्यामागे काय होते हेही त्याने शोधले. आपली मुले ज्या शहरात मोठी होत आहेत तिथे त्यांना गिळायला रस्ता टपलेला आहे, हे डेव्हिडला पक्के ठाऊक होते. त्याच्या हातात कुंपण घालायला धर्माखेरीज काहीच नव्हते. कुंपण आत असलेल्यांना बोचत होते ही गोष्ट वेगळी.

मराठी वाचकाला इथे लक्ष्मीबाई टिळक आठवतील. ‘स्मृतिचित्रे’तले त्यांचे वडीलही सोवळ्याने झपाटलेले, आणि त्या झपाटण्यामागेही १८५७च्या धामधुमीत घरावर कोसळलेल्या आघाताची छाया होती. फरक असा, की लक्ष्मीबाईंना त्या सोवळ्याचे हसू आले आणि मराठी गद्याला एक अजरामर विनोदी लेखणी मिळाली. बाल्डविनला हसू आले नाही. तो चौदाव्या वर्षी स्वतःच व्यासपीठावर चढला.

हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत विलक्षण भाग. १९३८चा उन्हाळा. वयात येणाऱ्या जेम्सच्या भोवतीची मुले एकेक करून रस्त्याच्या कच्छपी लागत होती: दारू, चोरी, दलाली. आपणही तिकडेच जाणार या भीतीने तो गोठला होता. स्वतःच्या देहाचीही भीती होतीच. एक मित्र त्याला आपल्या पेंटेकॉस्टल चर्चमध्ये घेऊन गेला. तिथल्या पाळक एक बाई होत्या. त्यांनी कौतुकाने हसत विचारले, तू कुणाचा मुलगा. बाल्डविनने पुढे नोंदवले आहे, की रस्त्यावरचे दलालही त्याला अगदी हेच विचारत असत. त्याला कुणाचे तरी व्हायचे होते, आणि या बाईंनी आधी विचारले. त्याच उन्हाळ्यात एका रात्री प्रार्थना चालू असताना तो वेदीपुढे कोसळला, रात्रभर जमिनीवर पडून राहिला, भोवती मंडळी गात होती, आणि पहाटे त्याला सांगण्यात आले की तुझे तारण झाले आहे. थोड्याच दिवसांत तो ‘बाल-उपदेशक’ झाला.

पुढची तीन वर्षे तो फायरसाइड पेंटेकॉस्टल असेम्ब्ली या चर्चमध्ये उपदेश करीत होता, आणि लवकरच बापापेक्षा जास्त गर्दी खेचू लागला. हे आकस्मिक नव्हते, असे तोच म्हणतो. बापाला त्याच्याच आखाड्यात चीत करायचे होते. शिवाय सोयही होती. उपदेशाची तयारी चालली आहे म्हटले की खोलीचे दार लावून घेता येई आणि बापाला मारायला वा बोलवायला आत येता येत नसे. देवाच्या नावाने मिळवलेला हा पहिला एकांत. लेखकाला दुसरे काय लागते?

त्या चर्चमधल्या उपदेशाची कल्पना आपल्याला रंगलेल्या कीर्तनावरून येऊ शकेल. बुवा एक चरण टाकतो, टाळकरी तो उचलतात, सभा डोलू लागते, आणि बोलणारा कोण नि ऐकणारा कोण हा भेद काही क्षण पुसला जातो. हार्लेमच्या त्या गाळ्यांत डफ वाजत, लोक उभे राहून साद देत, कुणाच्या अंगात पवित्र आत्मा संचारे. आवाज कुठे खाली आणायचा, कुठे थांबायचे, एकच शब्द तीनदा उच्चारताना तिसऱ्यांदा त्याचा अर्थ कसा बदलायचा, हे सारे जेम्स तिथे शिकला. त्याची लांबलचक, उपवाक्यांवर उपवाक्ये चढवत जाणारी आणि शेवटी एका फटक्यात खाली येणारी इंग्रजी वाक्यरचना समीक्षकांनी हेन्री जेम्सशी जोडली, ते बरोबरच आहे. पण त्या वाक्याचा श्वास गाळ्यातल्या चर्चचा आहे. बायबलच्या सतराव्या शतकातल्या इंग्रजी भाषांतराची लय त्याच्या कानात इतकी मुरली होती, की तो सरकारवर टीका करतानाही बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्यासारखा बोले.

मग श्रद्धा उसवली कशी? एका झटक्यात नव्हे. तो ब्राँक्समधल्या डी-विट क्लिंटन हायस्कुलात जाई. तिथे बहुसंख्य विद्यार्थी ज्यू होते. तो त्यांना धर्मपत्रके वाटायचा आणि ते हसायचे. तो पुन्हा वाचू लागला होता, दोस्तोयेव्हस्कीपर्यंत पोचला होता. बापाने एकदा विचारले, तुझा जिवलग मित्र तारण झालेला आहे का? जेम्स म्हणाला, नाही, तो ज्यू आहे. बापाने थोबाडीत मारली. त्या थोबाडीने जे सिद्ध झाले ते कुठल्याही नास्तिक ग्रंथाला सिद्ध करता आले नसते. आपला मित्र नरकात जळणार, ही शिकवण आणि शेजाऱ्यावर प्रेम करा, ही शिकवण एकाच तोंडून कशी येते, हा प्रश्न तिथून पुढे त्याच्या मनातून गेला नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. व्यासपीठावर उभे राहिल्यावर पडद्यामागचे सगळे दिसते, असे त्याने लिहिले आहे. लोकांची लादी पुसून आलेल्या बाया आपले शेवटचे नाणे अर्पणाच्या थाळीत टाकत आणि पाळकांच्या दारात नव्या मोटारी व घरे येत. मुख्य म्हणजे, ते शेवटचे नाणे काढून घेण्याची कला आपल्यालाही साधली आहे, हे त्या सतरा वर्षांच्या मुलाला कळले होते. १९४१ मध्ये त्याने उपदेश थांबवला.

आपल्याकडे सध्या बाल-कीर्तनकारांची मोठी चलती आहे. त्यांच्या चित्रफिती लाखो लोक पाहतात, पाठांतराचे कौतुक करतात, आयोजक तारखा घेतात. कौतुकाला आमचा आक्षेप नाही. पाठांतर आणि वाणी हा मोठा संस्कार आहे, आणि बाल्डविन त्यावरच लेखक झाला. पण सभेला ताब्यात घेण्याची ताकद इतक्या कोवळ्या वयात हाती आली की पोराच्या मनात काय चालते, हे विचारण्याची फुरसत आयोजकांना नसते. आईबापांना तरी असावी.

बाल्डविनच्या आठवणीत बापाशी त्याचे खरे बोलणे एकदाच झाले. चर्चमधून दोघे घरी चालत येत होते. नेहमीसारखी शांतता. बापाने एकाएकी विचारले, तुला उपदेशापेक्षा लिहायलाच जास्त आवडते ना? मुलाने हो म्हटले. संभाषण एवढेच. पुढे डेव्हिडला भ्रम होऊ लागले, घरचे लोक विष घालतील म्हणून त्याने अन्न सोडले, क्षयही झाला होता, आणि लाँग आयलंडवरच्या मनोरुग्णालयात तो गेला. जेम्स त्याला भेटायला अगदी शेवटी गेला. आधी का नाही? या प्रश्नाचे त्याने दिलेले उत्तर त्याच्या उत्तम निबंधात आहे: बापाला त्या अवस्थेत पाहिले तर त्याचा द्वेष करता येणार नाही, आणि द्वेष संपला की उरेल ते दुःख सोसावे लागेल, ही भीती होती. तो निबंध १९५५ साली ‘हार्पर्स’ मासिकात आला तेव्हा त्याचे शीर्षक बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकातून घेतलेले होते. ते वचन बापाच्या आवडीचे. पुढे तोच निबंध ‘नोट्स ऑफ अ नेटिव्ह सन’ या नावाने त्याच नावाच्या पुस्तकात आला.

वर्ज्य केलेले संगीत त्याच्या आयुष्यात आले ते ग्रीनिच व्हिलेजमधल्या ब्यूफर्ड डेलनी या काळ्या चित्रकाराच्या खोलीत. डेलनी स्वतः उपदेशकाचा मुलगा. त्याने ब्लूज आणि जाझच्या तबकड्या लावल्या आणि एकदा रस्त्याच्या कडेला साचलेल्या पाण्याकडे बोट दाखवून पाहा म्हटले. जेम्सला आधी नुसते पाणी दिसले. मग त्यावरचा तेलाचा तवंग दिसला, आणि तवंगात शहर.

नोव्हेंबर १९४८ मध्ये तो पॅरिसला गेला, खिशात चाळीस डॉलर. (पुढच्याच वर्षी एका परिचिताने हॉटेलातून उचलून आणलेल्या चादरीपायी त्याला फ्रेंच तुरुंगात आठ दिवस काढावे लागले. त्यावरचा त्याचा निबंधही वाचावा. बाल्डविन कधी विनोद करीत नाही असे म्हणणाऱ्यांसाठी.) पहिली कादंबरी तो दहा वर्षे लिहीत होता. ती पूर्ण झाली १९५२च्या सुरुवातीला, स्वित्झर्लंडमधल्या लॉयकरबाड या डोंगरगावात. तिथल्या लोकांनी काळा माणूस कधी पाहिला नव्हता. पोरे त्याच्या केसांना हात लावून पाहत. बाल्डविनजवळ टंकलेखनयंत्र होते आणि ब्लूज गायिका बेसी स्मिथच्या दोन तबकड्या. हार्लेममध्ये ज्या आवाजाची त्याला लाज वाटत आली होती, तो आवाज त्याने तिथल्या बर्फात बसून पुन्हा ऐकला आणि आपली माणसे कशी बोलत हे आठवले.

‘गो टेल इट ऑन द माउंटन’ १९५३ मध्ये निघाली. चौदा वर्षांच्या जॉन ग्राइम्सच्या वाढदिवसाचा एक दिवस आणि चर्चमधली एक रात्र एवढीच तिची कथा. चर्च सोडून बारा वर्षे झालेल्या लेखकाने सूड उगवायचा तर ही जागा होती. सूड नाही. मधला मोठा भाग त्याने वडीलधाऱ्यांच्या प्रार्थनांना दिला: आत्या, बाप, आई. उपदेशक गॅब्रिएलचे ढोंग उघडे पडते. त्याने एका मुलाला जन्म देऊन कधी आपले म्हटलेले नसते. तरीही त्याची प्रार्थना वाचताना आपण त्याच्या बाजूला गुडघे टेकून बसलेले असतो. आणि शेवटी जॉन वेदीपुढे कोसळतो तो प्रसंग लेखकाने खोटा ठरवलेला नाही. अनुभव खरा होता, त्यावर बांधलेले घर राहण्याजोगे नव्हते, एवढेच तो म्हणतो. आमच्या दृष्टीने ही त्याची सर्वश्रेष्ठ कादंबरी.

पुढचा इतिहास प्रसिद्ध आहे, तो झरझर सांगता येतो. ‘जोव्हानीज रूम’ १९५६ मध्ये. दोन पुरुषांच्या प्रेमाची ही कादंबरी त्याच्या आधीच्या प्रकाशकाने नाकारली. १९५७ मध्ये तो प्रथमच अमेरिकेच्या दक्षिणेत गेला आणि मार्टिन ल्यूथर किंग यांना भेटला. नोव्हेंबर १९६२ मध्ये ‘न्यूयॉर्कर’ने त्याचा दीर्घ निबंध छापला, १९६३ मध्ये तो ‘द फायर नेक्स्ट टाइम’ म्हणून पुस्तकरूपात आला, त्याच वर्षी मे महिन्यात ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर त्याचा चेहरा होता. एफबीआयने त्याच्यावर १८८४ पानांचे दप्तर जमवले.

त्या प्रसिद्ध निबंधात एक प्रसंग मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. ‘नेशन ऑफ इस्लाम’चे प्रमुख एलायजा मुहम्मद यांनी त्याला शिकागोतल्या आपल्या घरी जेवायला बोलावले. पांढरी वस्त्रे घातलेल्या स्त्रिया एकीकडे, पुरुष दुसरीकडे, आणि नेत्याच्या प्रत्येक वाक्याला होकाराची साद. गोरे म्हणजे सैतान, हे तत्त्वज्ञान. बाल्डविनला क्षणभर आपण बापाच्या घरात परत आलो असे वाटले. देवाचे नाव तेवढे बदलले होते. गोऱ्यांविषयी एलायजा जे सांगत होते त्यातले पुष्कळसे त्याला नाकारता येत नव्हते, त्यांच्या सौम्य हसण्याची ओढही होती. पण आपले काही मित्र गोरे आहेत आणि त्यांच्यासाठी आपण जीव देऊ, हेही त्याला ठाऊक होते. तिथे थोबाडीत मारायला कुणी हात उचलला नाही, पण प्रश्न जुनाच होता.

१९६८च्या जुलैत स्वीडनमधल्या उप्साला इथे जागतिक चर्च परिषदेचे चौथे अधिवेशन भरले. उद्घाटनाचे प्रवचन किंग यांनी करायचे ठरले होते. ४ एप्रिलला त्यांचा खून झाला. बाल्डविन तिथे बोलायला उभा राहिला. जगभरच्या धर्माध्यक्षांपुढे त्याने सांगितले, की ख्रिस्ती चर्चने ज्यांचा सर्वाधिक विश्वासघात केला अशांपैकी एक म्हणून मी बोलतो आहे. माझ्या आरोपात विनवणीही आहे. सत्तावीस वर्षांपूर्वी व्यासपीठ सोडलेला माणूस चर्चला चर्चच्या मापाने मोजत होता. प्रीतीचा धर्म म्हणवता ना, मग दाखवा. पुढच्या वर्षी परिषदेने वर्णद्वेषाविरुद्ध स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला. त्याचे सारे श्रेय एका भाषणाला देणे अतिशयोक्तीचे होईल. पण बाहेरच्या नास्तिकाचे भाषण म्हणून ते कानाआड करणे त्या सभेला शक्य नव्हते, कारण बोलणारा त्यांचीच भाषा त्यांच्याहून चांगली बोलत होता.

महाराष्ट्राचा अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्याशी आणि साहित्याशी संबंध जुना आहे. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. जनार्दन वाघमारे यांच्या ‘अमेरिकन नीग्रो: साहित्य आणि संस्कृती’ या ग्रंथाने काळ्या लेखकांची मराठीला सविस्तर ओळख करून दिली. दलित साहित्याच्या चर्चेत बाल्डविनचे नाव पुष्कळदा आले. पण ब्लॅक पँथरचाच एक नेता एल्ड्रिज क्लीव्हर याने ‘सोल ऑन आइस’ या पुस्तकात बाल्डविनवर अत्यंत विखारी हल्ला केला होता, त्याच्या समलैंगिकतेवर बोट ठेवून तो वंशाचा द्रोही असल्याचे म्हटले होते, याची आठवण आपल्याकडे कमी निघते. आधी बापाच्या धर्माने त्याला पापी ठरवले, मग क्रांतीच्या धर्माने. बाल्डविनने क्लीव्हरच्या हल्ल्याला दिलेले उत्तर आश्चर्य वाटावे इतके सौम्य आहे. चळवळीने आपल्याला का हाकलावे याची कारणे त्याला बापाच्या कारणांइतकीच समजत होती.

त्याच्या उणिवा लपवण्यात अर्थ नाही. १९६५ नंतरच्या कादंबऱ्यांत पात्रे बोलायला लागली की लेखक मध्येच व्यासपीठावर चढतो. एका पानाचे म्हणणे पाच पानांवर जाते आणि साद द्यायला समोर मंडळी नसल्याने ते पोकळ वाटते. प्रवचनाची सवय निबंधात त्याची ताकद होती, कादंबरीत ती पुष्कळदा भार झाली. त्याची शेवटची कादंबरी ‘जस्ट अबव्ह माय हेड’ १९७९ मध्ये आली. एका गॉस्पेल गायकाची ही कथा शंभर-दीडशे पानांनी कमी चालली असती. पण तिच्यात ज्युलिया आहे. ही बाल-उपदेशक मुलगी लहानपणापासून सभा गाजवते, बाप तिच्या कमाईवर चैन करतो, सगळी वस्ती तिच्यात देव पाहते आणि मुलगी कुणी पाहत नाही. ज्युलिया व्यासपीठ सोडते त्यानंतर त्या घरात तिच्यावर जे गुदरते ते बाल्डविनने पंचावन्नाव्या वर्षी लिहिले. त्याच्या भक्तांनी कादंबरीची इतर पाने चाळून सोडली तरी चालेल, ज्युलियाची पाने सोडू नयेत.